एसएमपीएसची दुरुस्ती: कुठल्या जागी कुठला कॅपॅसिटर घालायचा

फुगलेला कॅपॅसिटर काढला, तेवढ्याच मायक्रोफॅराडचा आणि तेवढ्याच व्होल्टचा दुकानातून आणून बसवला, एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) चालू झाला. सहा महिन्यांनी तोच परत टेबलावर. मराठवाड्यातल्या दुरुस्तीच्या दुकानांत हे नेहमीचं आहे आणि त्यामागचं कारणही बहुतेक वेळा एकच असतं. कॅपॅसिटरवर छापलेले दोन आकडे जुळवले जातात. न छापलेले तीन, म्हणजे ईएसआर (कॅपॅसिटरचा आतला रोध), रिपल करंट (वरखाली होणारा करंट तो किती सोसतो) आणि आयुष्याचे तास, कुणी बघत नाही. एसएमपीएसमध्ये खरं काम या तिघांचं आहे.

आधी ठरवा: हा एसएमपीएस दुरुस्त करण्याच्या लायकीचा आहे का

झाकण उघडा. लाईट आत येते तिथे फिल्टरची कॉइल आणि चौकोनी पिवळे एक्स कॅपॅसिटर (लाईनचा गोंगाट गाळणारे) नसतील, त्यांच्या जागी नुसत्या वायरचे जंपर असतील, हीटसिंक पातळ पत्र्याचे असतील आणि पेटीवर मात्र ४५० वॅट लिहिलं असेल, तर त्यावर चांगले कॅपॅसिटर वाया घालवू नका. नवा घ्या.

वजनदार, फिल्टर पूर्ण असलेला, नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस मात्र जरूर वाचवा. डेल, एचपी, लेनोवोच्या जुन्या ऑफिस मशीनचा तर नक्कीच. एमएस-सीआयटीचे वर्ग, झेरॉक्स सेंटर, सेवा केंद्रं अशा ठिकाणी ही रिफर्बिश्ड मशीन भरपूर आहेत. त्यांच्या एसएमपीएसचा आकार वेगळा आणि कनेक्टरही ८ पिनी, ६ पिनी किंवा १४ पिनी असतो, त्यामुळे बाजारातला साधा एटीएक्स एसएमपीएस तिथे सरळ लागत नाही.

हात घालण्याआधी प्रायमरी रिकामी करा

प्रायमरी म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या आधीची, लाईनची बाजू; नंतरची ती सेकंडरी. प्लग काढल्यावरही प्रायमरी कॅपॅसिटरवर ३०० व्होल्टपेक्षा जास्त डीसी राहू शकतो. त्याने जीव जाऊ शकतो. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची सवय सोडा. त्यात ट्रॅक उडतो, टोक वितळतं आणि हातही भाजतो. १० किलोओम, १० वॅटच्या रेझिस्टरला चांगल्या इन्सुलेशनच्या दोन वायरी जोडून ठेवा. ४७० मायक्रोफॅराडचा कॅपॅसिटर या रेझिस्टरने साधारण २५ सेकंदांत उतरतो. दोन कॅपॅसिटर असतील तर दोन्ही वेगवेगळे उतरवा. मग मल्टिमीटर डीसी ६०० किंवा १००० व्होल्टच्या रेंजवर ठेवून मोजा. ५ व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोर्डाला हात लावू नका.

नकाशा काढा, मग सुटं करा

बोर्डाचे वरून आणि खालून स्पष्ट फोटो काढा. कागदावर प्रत्येक कॅपॅसिटरची जागा, मायक्रोफॅराड, व्होल्ट, व्यास, उंची आणि पट्ट्याची बाजू लिहा. कॅपॅसिटरवरचा पट्टा नेहमी निगेटिव्ह असतो. बोर्डावर रंगवलेली बाजू बहुतेक ठिकाणी निगेटिव्ह असते, सगळीकडे नाही. म्हणून छापील खुणेपेक्षा जुना कॅपॅसिटर कसा बसला होता तो फोटो खरा माना. -१२ व्होल्टच्या रेलवर (आउटपुटच्या एका व्होल्टेजची लाईन म्हणजे रेल) तर पॉझिटिव्ह पाय ग्राउंडला जातो. तिथे घाईत उलटा बसवला की नवा कॅपॅसिटर चालू केल्या केल्या फुटतो.

व्हर्नियरने व्यास मोजणं टाळू नका, कारण पायांमधलं अंतर त्यावरच ठरतं: ५ मिमी व्यासाला २, ६.३ ला २.५, ८ ला ३.५, १० आणि १२.५ ला ५, १६ आणि १८ ला ७.५ मिमी. १० च्या जागी १२.५ चा कॅपॅसिटर पायांनी बसेल, पण शेजारच्या हीटसिंकला चिकटेल.

नुसतं बघून कॅपॅसिटर चांगला ठरवता येत नाही. वरून सपाट दिसणाराही आतून वाळलेला असतो. मोजायचा असेल तर बोर्डातून काढूनच मोजा. एका रेलवर दोन-तीन कॅपॅसिटर पॅरलल असतात. त्यातला एक चांगला असला की ईएसआर मीटर चांगलाच आकडा दाखवतो आणि बिघडलेले लपून जातात. लीकेज असलेला कॅपॅसिटर साध्या मीटरवर छापलेल्यापेक्षा जास्त मायक्रोफॅराडही दाखवतो. तसा आकडा आला तर तो कॅपॅसिटर बाद समजा.

मायक्रोफॅराडपेक्षा ईएसआर का महत्त्वाचा

जुन्या हाफ-ब्रिज (दोन मोठ्या ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या) एसएमपीएसमध्ये सेकंडरीला येणाऱ्या रिपलची फ्रिक्वेन्सी साधारण ६० ते ७० किलोहर्ट्झ असते. ६५ किलोहर्ट्झला १००० मायक्रोफॅराडची रिअ‍ॅक्टन्स (त्या फ्रिक्वेन्सीला कॅपॅसिटर करणारा विरोध) येते अवघी २.४ मिलिओम. चांगल्या लो ईएसआर कॅपॅसिटरचा ईएसआर, १० बाय २० मिमी आकारात, साधारण २० मिलिओम असतो. म्हणजे रिपल किती येणार ते ईएसआर ठरवतो, मायक्रोफॅराडचा वाटा आठव्या हिश्शाएवढा.

कॉइलमधून २ अँपिअरचा रिपल करंट येत असेल तर २० मिलिओमवर ४० मिलिव्होल्ट रिपल बनतो. कॅपॅसिटर वाळून ईएसआर अर्ध्या ओमवर गेला की तोच रिपल १ व्होल्ट होतो, मीटर मात्र अजूनही ८०० मायक्रोफॅराड दाखवत असतो. एटीएक्सच्या नियमाप्रमाणे १२ व्होल्टला १२० आणि ५ व ३.३ व्होल्टला ५० मिलिव्होल्टच चालतात. मशीन मध्येच हँग होणं, हार्ड डिस्क गायब होणं, विंडोज चढताना रीस्टार्ट होणं या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

यातून खरेदीसाठी एक उपयोगी गोष्ट निघते. कंपनीच्या एकाच सीरिजमध्ये (मालिकेत) ईएसआर आणि रिपल करंट हे मुख्यतः डब्याच्या आकारावर ठरतात. १० बाय २० मिमीचा १००० मायक्रोफॅराड २५ व्होल्ट आणि त्याच आकाराचा १५०० मायक्रोफॅराड १६ व्होल्ट यांचा ईएसआर जवळपास सारखा असतो. त्यामुळे जुन्या स्वस्त २२०० च्या जागी चांगल्या सीरिजचा १५०० मिळाला तर सेकंडरीला तो चालतो. उलट आकार लहान करून मायक्रोफॅराड जुळवले तर ईएसआर वाढतो, आणि दुरुस्ती तिथेच फसते.

ऊन आणि तासांचा हिशेब

इलेक्ट्रोलिटिक (आत ओलं रसायन असलेल्या) कॅपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश तापमान कमी झालं की दुप्पट होतं. हे गणित परभणी-नांदेडच्या मे महिन्यात लावून बघा. खोलीत ४० च्या वर, एसएमपीएसच्या आत त्यावर २५-३० अंश, म्हणजे कॅपॅसिटर ७० ते ७५ अंशांवर. ८५ अंश, २००० तासांचा कॅपॅसिटर ७५ अंशांवर ४,००० तास टिकेल. १०५ अंश, २००० तासांचा १६,००० तास. १०५ अंश, ५००० तासांचा ४०,००० तास. रोज दहा तास दुकान चालत असेल तर पहिला जेमतेम तेरा महिन्यांचा धनी.

म्हणून ८५ अंशांचा कॅपॅसिटर एसएमपीएसमध्ये कुठेच घालू नका, प्रायमरीलाही नाही. १०५ अंश ही किमान अट आणि सेकंडरीला ५,००० तासांच्या खाली उतरू नका. ही अट आपल्या भागात थंड प्रदेशापेक्षा जास्त कडक पाळावी लागते. त्यात जिनिंगच्या आसपासच्या गावांत कापसाचा भुसा पंख्यात अडकतो, पंखा मंदावतो आणि वरचं सगळं गणित आणखी १० अंशांनी बिघडतं. कॅपॅसिटर बदलताना पंखा काढून साफ करा. हाताने फिरवल्यावर अडखळत असेल तर तो बदलाच. नाहीतर नवे कॅपॅसिटर त्याच भट्टीत जातील.

प्रायमरी: आपल्या लाईटसाठी व्होल्टेज वर घ्या

मागे ११५/२३० चा लाल स्विच असलेल्या एसएमपीएसमध्ये दोन २०० व्होल्टचे कॅपॅसिटर सीरिजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले असतात. २३० व्होल्ट एसीचं पीक ३२५ व्होल्ट, म्हणजे प्रत्येकावर साधारण १६२. हिशेबाने हे सुरक्षित वाटतं. पण शेतीपंप बंद झाले की रात्री कितीतरी गावांत व्होल्टेज चढतं. २७० व्होल्टला पीक ३८२ होतं, म्हणजे प्रत्येकी १९१. दोन कॅपॅसिटर जुने होऊन असमान झाले असतील तर एकावर सरळ २०० च्या वर जातात. म्हणून इथे २५० व्होल्टचे घ्या. मायक्रोफॅराड मूळचेच ठेवा, २० टक्क्यांपर्यंत जास्त चालतील. त्याहून वाढवले तर स्विच टाकताना येणारा झटका ब्रिज रेक्टिफायरवर पडतो. दोन्ही कॅपॅसिटर एकाच कंपनीचे, एकाच लॉटचे, एकदमच बदला. त्यांच्या शेजारचे, दोघांत व्होल्टेज सारखं वाटणारे दोन बॅलन्सिंग रेझिस्टरही मोजा. ते दोन्ही सारखे हवेत.

तो लाल स्विच २३० वर असल्याची खात्री करून त्यावर टेप मारा. कुणी तो चुकून ११५ वर सरकवला तर प्रत्येक कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्ट येतात आणि दोन्ही फुटतात.

अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसमध्ये एकच मोठा कॅपॅसिटर असतो आणि त्यावर ३८० ते ३९० व्होल्ट कायम असतात. मूळ ४०० किंवा ४२० व्होल्टचा असला तरी ४५० व्होल्ट, १०५ अंशांचा घ्या. आधी उंची बघा, कारण ४५० चा डबा मोठा असतो आणि पंख्याला लागू शकतो. निप्पॉन केमिकॉनच्या केएमक्यू, केएमआर किंवा निचिकॉनची जीयू या सीरिज या जागेला चांगल्या.

प्रायमरी कॅपॅसिटर दमला आहे हे ओळखण्याची एक खूण आहे. यूपीएस चांगला असूनही लाईट गेली की पीसी रीस्टार्ट होतो. यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसने स्वतःच्या साठ्यावर काढायचा असतो आणि कपॅसिटी घटली की तो काढता येत नाही. अशा वेळी लोक यूपीएसची बॅटरी बदलत बसतात.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. लाईनचा न्यूट्रल तुटला तर घरात ४०० व्होल्टपर्यंत एसी येऊ शकतो, पीक ५६० च्या वर. त्यापुढे कुठलाच कॅपॅसिटर टिकत नाही. तिथे जास्त व्होल्टेजला सप्लाय तोडणारं उपकरण किंवा स्टॅबिलायझर बसवणं हाच उपाय.

सेकंडरी: रेलप्रमाणे निवड

१२ व्होल्टला १६ व्होल्टचा कॅपॅसिटर किमान, जागा असेल तर २५ चा. ५ आणि ३.३ व्होल्टला १० व्होल्टचा. मूळ बोर्डावर तिथे ६.३ चा असला तरी १० च घाला. पॅनासोनिकची एफआर किंवा एफएम, रुबिकॉनची झेडएलएच किंवा झेडएलजे, निप्पॉन केमिकॉनची केवाय किंवा केझेडई, निचिकॉनची एचई यांपैकी हव्या त्या आकारात ५,००० तास भरणारं जे मिळेल ते. एफआरचं आयुष्य आकारानुसार ५,००० ते १०,००० तास आहे आणि आपल्या उन्हाळ्यासाठी आमची पहिली पसंती तीच. केमिकॉनची केएमजी किंवा निचिकॉनची व्हीआर याही खऱ्या आणि चांगल्या सीरिज आहेत, पण साध्या कामाच्या. त्यांचा रिपल १२० हर्ट्झला मोजलेला असतो. कंपनीचं नाव बघून त्या इथे बसवू नका.

प्रत्येक रेलवर कॉइलच्या आधी एक आणि नंतर एक कॅपॅसिटर असेल, तर आधीच्यावर रिपलचा सगळा मार बसतो. चांगला आणि मोठा तिथे द्या. जवळ डमी लोडचा (रेलवर कायम थोडा भार ठेवणारा) गरम होणारा रेझिस्टर असेल तर त्याला कॅपॅसिटर टेकू देऊ नका, दोन-तीन मिमी अंतर ठेवा.

पॉलिमर कॅपॅसिटर (ओल्या रसायनाऐवजी घन पॉलिमरचा) मूळचाच असेल तर त्या जागी पॉलिमरच घ्या. इलेक्ट्रोलिटिकच्या जागी मात्र हौसेने पॉलिमर घालू नका. टीएल४९४ किंवा केए७५०० या कंट्रोल (पीडब्ल्यूएम) आयसीच्या जुन्या एसएमपीएसमध्ये फीडबॅकची (आउटपुट बघून ते सावरणाऱ्या सर्किटची) स्थिरता कॅपॅसिटरच्या ईएसआरवर काही अंशी अवलंबून असते. ईएसआर एकदम चार-पाच मिलिओमवर आणला तर आउटपुट डोलायला लागू शकतं, आणि ते ऑसिलोस्कोपशिवाय कळतही नाही. मदरबोर्डसाठीच्या अतिशय कमी ईएसआरच्या सीरिजही याच कारणाने इथे टाळा.

सगळ्यात धोक्याचे: ५० व्होल्टचे छोटे

शेंगदाण्याएवढे हे कॅपॅसिटर फुगत नाहीत, म्हणून कुणी बदलत नाही. पण यातल्या एकाने मदरबोर्ड मरतो.

जुन्या एसएमपीएसमध्ये ५ व्होल्ट स्टँडबायचं (पीसी बंद असतानाही मदरबोर्डला मिळणाऱ्या ५ व्होल्टचं) सर्किट दोन ट्रान्झिस्टरवर चालतं आणि त्याच्या प्रायमरी बाजूला १० ते ४७ मायक्रोफॅराड, ५० व्होल्टचा एक छोटा कॅपॅसिटर असतो. स्टँडबाय प्लग लावलेला असेपर्यंत चोवीस तास चालू असतं, पंखा मात्र बंद असतो. त्यामुळे तो सगळ्यात आधी वाळतो. तो वाळला की सर्किटला आउटपुट किती झालंय ते नीट कळत नाही आणि जांभळ्या वायरवरचे ५ व्होल्ट वर चढत जातात. ते थेट मदरबोर्डला जातात. म्हणून बाकी काही बदला न बदला, हा बदलाच. १०५ अंश, ५,००० तासांचा लो ईएसआर, ५० किंवा ६३ व्होल्टचा घ्या. मायक्रोफॅराड मूळचेच.

हाफ-ब्रिज बोर्डावर छोट्या ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरजवळ १, २.२ किंवा १० मायक्रोफॅराड, ५० व्होल्टचे दोन सारखे कॅपॅसिटर असतात. ते मोठ्या ट्रान्झिस्टरच्या बेसला चालना देतात. ते वाळले की एसएमपीएस चालू होत नाही, किंवा लोड आल्यावर ट्रान्झिस्टर उडतात. दोन्ही एकदम बदला. पीडब्ल्यूएम आयसीच्या सप्लायवरचा २२ किंवा ४७ मायक्रोफॅराडचा कॅपॅसिटरही याच यादीत घ्या.

पिवळे एक्स आणि निळे वाय कॅपॅसिटर तडकले असतील तर त्याच वर्गाचे, सुरक्षेची खूण असलेलेच घ्या. वाय कॅपॅसिटरच्या जागी साधा सिरॅमिक घातला आणि तो शॉर्ट झाला, तर कॅबिनेटमध्ये करंट येऊ शकतो.

खरेदी

संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या दुकानांत खात्रीच्या सीरिज कधी मिळतात, कधी नाहीत. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. सगळ्यात खात्रीचं म्हणजे माउझर, डिजीकी, एलिमेंट१४ यांसारखे अधिकृत वितरक. एका एसएमपीएससाठी तिथून मागवणं महाग पडतं, म्हणून दोन-तीन दुकानांनी मिळून यादी करावी. १००० मायक्रोफॅराड १६ व्होल्ट, २२०० मायक्रोफॅराड १० व्होल्ट आणि ४७ मायक्रोफॅराड ५० व्होल्ट हे सतत लागतात, ते जास्त घ्या.

नकली माल ओळखायला वजन करून बघा. मोठ्या डब्यात छोटा कॅपॅसिटर घालून वर नवं आवरण चढवलेला हलका लागतो. छपाई बोटाने पुसली जाते, सीरिजचं नाव नसतं. जुन्या बोर्डातून काढलेले कॅपॅसिटर परत वापरू नका.

बसवणं

६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न हवं. ग्राउंडचा पाय उष्णता ओढून घेतो, २५ वॅटचं तिथे पुरत नाही आणि जोर लावला की ट्रॅक उखडतो. जुन्या सांध्यावर आधी ताजं ६०/४० सोल्डर घाला, मग पंपाने ओढा. एक काढा, त्याच जागी नवा लावा, मग पुढचा. सगळे एकदम काढलेत की गोंधळ ठरलेला. कॅपॅसिटरच्या बुडाशी पिवळसर गोंद तपकिरी झाला असेल तर खरवडून काढा. उष्णतेने तो वीजवाहक होतो आणि शेजारच्या पायांना खातो. गळालेलं इलेक्ट्रोलाइट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

चाचणी

पहिल्यांदा सरळ लाईनवर लावू नका. १०० वॅटचा जुना फिलामेंट बल्ब सीरिजमध्ये घ्या. बल्ब क्षणभर पेटून विझला किंवा अगदी मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर शॉर्ट आहे, किंवा कॅपॅसिटर उलटा बसलाय. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा एसएमपीएस सीरिज बल्बवर नीट चालू होत नाही, बल्ब लुकलुकतो. तिथे फक्त शॉर्ट नाही एवढं बघून थांबा.

आधी जांभळी वायर मोजा: ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. त्यापेक्षा वर असेल तर मदरबोर्ड लांब ठेवा. मग सीरिज बल्ब काढून हिरवी वायर काळीला जोडा, म्हणजे मदरबोर्डशिवाय एसएमपीएस चालू होतो. १२ व्होल्टवर गाडीचा २१ वॅटचा बल्ब आणि ५ व्होल्टवर २.२ ओम, २५ वॅटचा रेझिस्टर लावा. जुन्या एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ एकाच फीडबॅकवर असतात, एकालाच लोड दिला तर दुसरा आकडा फसवा येतो. ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब नंतर लावा. थंड असताना त्याचं फिलामेंट कितीतरी पट करंट ओढतं आणि चांगला एसएमपीएसही ट्रिप होतो. १२, ५, ३.३ तिन्ही रेल पाच टक्क्यांच्या आत हवेत.

रिपल मल्टिमीटरवर कळत नाही, कारण बहुतेक मीटरची एसी रेंज काही किलोहर्ट्झच्या पुढे आंधळी असते. ऑसिलोस्कोप २० मेगाहर्ट्झच्या मर्यादेवर ठेवा, प्रोबच्या टोकाशी ०.१ मायक्रोफॅराडचा सिरॅमिक आणि १० मायक्रोफॅराडचा इलेक्ट्रोलिटिक लावा, ग्राउंडची वायर आखूड ठेवा. स्कोप फक्त सेकंडरीवर. प्रायमरीला क्लिप लावलीत तर स्कोप आणि एसएमपीएस दोन्ही जातील.

लोडवर तासभर चालवा. मग बंद करा, प्रायमरी पुन्हा रिकामी करून मोजा आणि नव्या कॅपॅसिटरना बोट लावून बघा. एखादाच शेजाऱ्यांपेक्षा जास्त गरम लागला तर तो उलटा बसलाय, नकली आहे किंवा त्या जागेला त्याचा रिपल करंट कमी पडतोय. तेवढा बदलून चाचणी पुन्हा घ्या.